दाराला लाथ मारता येते का?

रात्रीचे दोन वाजलेत. उद्या सबमिशन आहे, तरी तुम्ही गेम खेळत बसलाय. तुमचा हिरो तासाभरापूर्वी एका ड्रॅगनला लोळवून आलाय. हातात भलीमोठी कुऱ्हाड. समोर एक साधं लाकडी दार. तुम्ही बटण दाबता. स्क्रीनवर अक्षरं येतात, 'हे दार उघडत नाही.' कुऱ्हाड मारून बघता, तर दारावर साधा ओरखडाही उठत नाही. ड्रॅगन मेला, पण दार काही मरत नाही! मग तुम्ही निमूट मागे फिरता आणि कुठल्यातरी पेटीत ठेवलेली किल्ली शोधायला लागता.

आता दुसरं चित्र बघा. होस्टेलची खोली. पाचजण कॉटवर, जमिनीवर, जिथे जागा मिळेल तिथे बसलेत. मध्ये कागद, पेन्सिली, वेफर्सचा पुडा आणि वीस बाजूंचा एक फासा. एकजण सांगतोय, 'तुमच्यासमोर लाकडी दार आहे. कुलूप लावलंय.' तुम्ही विचारता, 'लाथ मारता येते का?' तो म्हणतो, 'मार की! फासा टाक. दार मजबूत आहे, पंधरा किंवा जास्त यायला हवेत.' तेवढ्यात एकजण म्हणते, 'थांबा रे, बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत? आपल्या बाजूला असतील तर खिळे काढू.' तिसरा म्हणतो, 'मी नुसतं दार वाजवतो. बघू कोण येतं.' सांगणारा क्षणभर गप्प. कुणी दार वाजवेल असा विचारच त्याने केला नव्हता. मग तो हसतो आणि म्हणतो, 'आतून आवाज येतो, कोण आहे?'

हा दुसरा खेळ म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात ना, तोच. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे डी अँड डी. प्रत्येकजण एकेक पात्र होतो. बाकीचं जग, म्हणजे दारं, राक्षस, गावातला खडूस दुकानदार, हे सगळं एकाच्या डोक्यात असतं. त्याला म्हणायचं गेम मास्टर.

व्हिडीओ गेम खेळणारा मित्र पहिल्यांदा या खेळाला बसला की एक प्रश्न हमखास विचारतो. 'अरे, हे तर सेमच आहे! हेल्थ आहे, लेव्हल आहे, एक्सपी आहे. मग कॉम्प्युटरवरच का नाही खेळायचं? सगळी बेरीज तोच करेल की.' प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

आधी टेबल, मग स्क्रीन

साल १९७४. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा हे छोटं शहर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी लिहिलेला डी अँड डी तिथून बाजारात आला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिल्या छपाईत फक्त एक हजार संच. आज गेमिंगमध्ये ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो, त्यातल्या कितीतरी या पुस्तिकांमध्ये होत्या. पात्र किती मार सोसू शकतं त्याचा आकडा, म्हणजे हिट पॉइंट्स. योद्धा की जादूगार ते ठरवणारा क्लास. पराक्रमाबद्दल मिळणारे एक्सपीरियन्स पॉइंट्स आणि ते साठले की वाढणारी लेव्हल.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७५ मध्ये, हा खेळ कॉम्प्युटरवर पोचलासुद्धा. नेणारी मंडळी अमेरिकेतल्या विद्यापीठांमधली. इलिनॉय विद्यापीठात घडलेली 'प्लेटो' ही कॉम्प्युटर यंत्रणा खरं तर शिकवण्यासाठी होती. त्यावर डी अँड डीच्या धर्तीवरचे गेम तयार झाले. एकाचं नाव होतं 'पेडिट५'. नावावरून कुणाला वाटणारही नाही की हा गेम आहे! अभ्यासाच्या मशीनवर खेळ चाललाय म्हटल्यावर तो डिलीटही व्हायचा. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब तेव्हाही तशीच होती म्हणायची.

मग १९८० मध्ये 'रोग' आला. नाव आजाराचं वाटेल, पण इथे अर्थ बदमाश असा आहे. 'रोगलाइक' म्हणून जे गेम तुम्ही खेळता, त्यांचा हा पूर्वज. १९८१ मध्ये 'विझर्ड्री' आला. तो जपानमध्येही खेळला गेला आणि तिथे १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट', १९८७ मध्ये 'फायनल फँटसी' जन्माला आले. आता तर तुमच्या मोबाइलवरच्या शूटिंग गेममध्येही हेल्थ बार आहे आणि भाषा शिकवणारं डुओलिंगोसुद्धा तुम्हाला एक्सपी देतं.

म्हणजे टेबलावरचे नियम व्हिडीओ गेमसारखे दिसतात, असं म्हणणं जरा उलटं आहे. बाप मुलासारखा दिसतो, असं आपण म्हणतो का? साम्य आहेच, आणि ते घराण्यातून आलंय.

'हा तर व्हिडीओ गेम झाला!'

पण पुढे एक गंमत झाली. मुलगा मोठा झाला, कमावता झाला आणि बाप त्याच्यासारखे कपडे घालायला लागला.

२००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि लाखो लोक ऑनलाइन एकत्र येऊन राक्षस मारू लागले. तिथे टीममध्ये कामं वाटलेली असतात. एकजण मार खातो, एकजण बरं करतो, बाकीचे मार देतात. २००८ मध्ये डी अँड डीची चौथी आवृत्ती आली आणि पुस्तक उघडल्यावर अनेक जुन्या खेळाडूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. प्रत्येक क्लासला एक ठरीव भूमिका दिलेली होती. प्रत्येकाकडे खास डावपेच होते आणि त्यांचे तीन प्रकार. काही कितीही वेळा वापरायचे, काही एका लढाईत एकदाच, काही दिवसातून एकदाच. व्हिडीओ गेममध्ये एखादा पॉवर वापरल्यावर तो परत चालू व्हायची वाट बघावी लागते ना? तसंच काहीसं.

ओरड सुरू झाली, 'हा तर व्हिडीओ गेम झाला!' बऱ्याचजणांनी जुन्याच नियमांना चिकटून राहायचं ठरवलं. त्याच जुन्या नियमांवर उभा असलेला 'पाथफाइंडर' २००९ मध्ये आला आणि चांगला चालला. २०१४ मध्ये डी अँड डीची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा चौथीतल्या कित्येक गोष्टी गुपचूप मागे पडल्या होत्या.

पण ती ओरड बरोबर होती का? एक नियम जवळून बघू. ऑनलाइन गेममध्ये मार खाणारा खेळाडू राक्षसाला डिवचतो. बटण दाबलं की राक्षस त्याच्याच मागे लागतो. राक्षसाला दुसरा पर्यायच नसतो. चौथ्या आवृत्तीतला योद्धाही शत्रूला असंच 'मार्क' करतो. मात्र इथे नियम एवढंच सांगतो, की त्या शत्रूने योद्ध्याला सोडून दुसऱ्यावर हल्ला केला तर त्याच्या फाशातून दोन वजा होतील. करायचं काय ते गेम मास्टरने ठरवायचं. शत्रू जर सूडाने पेटलेला सेनापती असेल, तर तो दोन वजा पत्करूनही तुमच्या जादूगारावरच धावून जाईल. भुकेलं जनावर असेल, तर समोर येईल त्याला चावेल. नियम वरून सारखाच दिसतो. पण एका ठिकाणी तो राक्षसाला ढकलतो आणि दुसऱ्या ठिकाणी निर्णयाची किंमत सांगून थांबतो.

पान नंबर ४२

आणखी एक गोष्ट. चौथ्या आवृत्तीच्या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकात पान ४२ होतं. नियमांत न बसणारं काही खेळाडूंना करायचं असेल तर काय करायचं, ते त्या पानावर होतं. उदाहरण असं, की एका चोर मुलीला छताच्या झुंबराला लटकून झोका घ्यायचाय आणि खाली येता येता एका आडदांड राक्षसाच्या छातीत लाथ घालून त्याला मागच्या निखाऱ्यांच्या शेगडीत पाडायचंय. आता 'झुंबरावरून लाथ' असा डावपेच पुस्तकात कुठेच नाही. पान ४२ गेम मास्टरला सांगतं, की नाही म्हणू नका. किती अवघड ते ठरवा, फासा टाकायला सांगा, जमलं तर किती नुकसान द्यायचं त्याचा हा तक्ता घ्या.

ज्या पुस्तकावर 'व्हिडीओ गेम' असा शिक्का बसला, त्यातच हे पान होतं. व्हिडीओ गेमला पान ४२ कसं असणार? झुंबर लटकण्याजोगं हवं असेल, तर ते कुणीतरी आधी तसं बनवावं लागतं.

२०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' खेळलाय? डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेला, त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये 'गेम ऑफ द इयर' ठरलेला. त्यात शत्रूला कड्यावरून ढकलता येतं, खोकी एकावर एक रचून भिंत चढता येते, स्क्रीनवर वीस बाजूंचा फासासुद्धा गडगडतो. बनवणाऱ्यांनी इतक्या शक्यता आधी विचारात घेतल्यात की थक्क व्हायला होतं. तरी त्या आधीच विचारात घ्याव्या लागल्या. शिवाय त्यांनी नियमही बदलले. पुस्तकानुसार कौशल्याच्या फाशात एक पडला तरी तुमचं कौशल्य दांडगं असेल तर काम होऊ शकतं. या गेममध्ये एक पडला की हरलातच. गंमत म्हणजे कित्येक टेबलांवरही लोक हाच बदल करून खेळतात. फरक इतकाच, की टेबलावर तो बदल चौघांनी मिळून केलेला असतो आणि पुढच्या शनिवारी चौघं मिळून तो रद्दही करू शकतात.

पंच कुठे आहे?

हे सगळं कुठून आलं, याची मुळं आणखी खोल आहेत. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी 'क्रीगश्पील' नावाचा युद्धाचा खेळ होता. १८२४ चे त्याचे नियम बारीकसारीक होते, नकाशे, फासे आणि तक्ते यांनी भरलेले. निकाल द्यायला एक पंच असायचा. १८७६ मध्ये फर्डी दु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने म्हटलं, एवढे तक्ते कशाला? अनुभवी पंच आहे ना, त्याला ठरवू द्या. म्हणजे 'नियम जास्त की माणूस जास्त' हे भांडण डी अँड डीच्या आधी शंभर वर्षं चालू होतं!

मग १९६९. अमेरिकेतलं मिनियापोलिस-सेंट पॉल. डेव्हिड वेस्लीने टॉटनच्या १८८० च्या 'स्ट्रॅटेगॉस' या लष्करी खेळाच्या पुस्तकातून पंचाची कल्पना उचलली आणि 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ मांडला. सैन्याऐवजी प्रत्येकाला गावातला एकेक माणूस दिला. कुणी बँकर, कुणी क्रांतिकारी विद्यार्थी. खेळाडूंनी पंचाला धड ठरल्याप्रमाणे काही करूच दिलं नाही. दोघांनी एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं, ज्याचा नियमच नव्हता. वेस्लीला तो जागच्या जागी बनवावा लागला. त्याला वाटलं, खेळ फसला. खेळाडू म्हणाले, परत कधी? त्या मंडळींमध्ये डेव्ह आर्नेसनही होता. पुढची गोष्ट तुम्ही वर वाचलीच.

म्हणजे या खेळाचा जन्मच मुळी नियम संपले तिथे झाला.

आणि हे आपल्यालाही काही नवीन नाही. गल्लीत लपाछपी खेळताना कुणाचं तरी शेंडेफळ भावंड मागे लागायचं. त्याला घ्यायचं तर ते पहिल्याच मिनिटाला सापडणार आणि रडणार. नाही घ्यायचं तर आई ओरडणार. मग तो 'कच्चा लिंबू'! खेळणार सगळं, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. हा नियम कुठल्या पुस्तकातून आला? समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघून आला. वन टप्पा आउट, बॉल शेजारच्या काकूंच्या गॅलरीत गेला तर आउट, हे सगळे त्याच जातीचे. जागा बघून, माणसं बघून ठरलेले आणि सगळ्यांनी 'चालेल' म्हटलेले.

व्हिडीओ गेममध्येही ईझी मोड असतो म्हणा. पण तो बनवणाऱ्याने आधी ठेवला असेल तरच.

मशीनची बाजू

आता तुम्ही म्हणाल, हे जरा एकतर्फी होतंय. बरोबर. मशीनची बाजूही ऐका.

पंच म्हणजे माणूस, आणि माणसाचे लाडके असतात. गेम मास्टरची मैत्रीण टेबलावर असेल तर तिच्या फाशाला जरा जास्तच यश मिळतं, असे आरोप प्रत्येक ग्रुपमध्ये होतात. काही गेम मास्टर गोष्ट आधीच ठरवून येतात, तुम्ही काहीही करा, पोचणार तिथेच. अशा टेबलापेक्षा मशीन बरं. ते तुमचं आडनाव विचारत नाही, कालच्या भांडणाचा राग काढत नाही, सगळ्यांना तोच नियम लावतं.

शिवाय मशीनला जे जमतं ते टेबलाला जमत नाही. 'डार्क सोल्स'मध्ये नेमक्या क्षणी बाजूला उडी मारण्याचं कसब तुमच्या बोटांत असावं लागतं. टेबलावर तुमची बोटं कितीही चपळ असली तरी फासा तीन पडला की संपलं. मशीन एका क्षणात हजारो हिशेब करतं. टेबलावर हिशेब करणारे तुम्हीच असता, त्यामुळे नियम माणसाला पेलतील एवढेच ठेवावे लागतात.

आणि टेबलावरचे सगळे नियम आकड्यांचे असतात असंही नाही. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये तुम्ही दोन साधे फासे टाकता. दहा किंवा जास्त आले तर काम झालं. सहा किंवा कमी आले तर गेम मास्टर संकट आणणार. सात ते नऊ आले की काम होतं, पण काहीतरी गमवावं लागतं. आता ठरवा, मित्राला वाचवायचं की पाण्याची टाकी? 'ड्रेड' नावाच्या भयकथांच्या खेळात तर फासाच नाही. जेंगाचा मनोरा असतो. काही अवघड करायचं तर एक ठोकळा काढायचा. मनोरा पडला की तुमचं पात्र गेलं. तुमचा हात खरोखर थरथरतो आणि सगळे श्वास रोखून बघत असतात.

टेबलावर आणखी एक प्रश्न येतो, त्याला सोपं उत्तर नाही. समजा तुम्ही लाजाळू आहात. प्रेझेंटेशनला उभं राहिलात की घसा कोरडा पडतो. पण तुमचं पात्र गोडबोल्या गायक आहे, राजालाही पटवणारा. आता राजाशी बोलायची वेळ आली. तुम्ही स्वतः बोलायचं, की 'माझं पात्र राजाला पटवतं' एवढं म्हणून फासा टाकायचा? पुस्तकात कौशल्याचा आकडा आहे, तो तुमच्या बाजूने उभा राहतो. काही टेबलं म्हणतात, फासा टाक. काही म्हणतात, बोलून दाखव. चांगलं टेबल तुमच्याकडे बघतं आणि विचारतं, 'तुला काय आवडेल?' तुम्ही चार महिने फासा टाकता. आणि मग एखाद्या दिवशी, कुणी न सांगता, राजासमोर उभे राहून बोलायला लागता.

फॉर्म सबमिट होत नाही

हे सगळं खेळापुरतंच आहे का? शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरलाय ना कधी? तुमचं नाव दाखल्यावर एका स्पेलिंगचं, मार्कशीटवर दुसऱ्या. किंवा तुमची परिस्थितीच अशी, की ड्रॉपडाऊनमध्ये तिचा पर्यायच नाही. लाल अक्षरात ओळ येते आणि सबमिटचं बटण काही चालत नाही. हेच ते उघडत नसलेलं लाकडी दार. तिथे लाथ मारता येत नाही, बिजागऱ्या काढता येत नाहीत, दार वाजवलं तर 'कोण आहे?' म्हणणारं आत कुणी नसतं.

पूर्वी तिथे खिडकी होती आणि खिडकीमागे क्लार्क होता. तो समजूतदार असला तर म्हणायचा, 'हे असं लिहून दे, मी बघतो.' आणि नसला तर ओळखीच्याचं काम आधी करून तुम्हाला चार चकरा मारायला लावायचा. मशीन आल्यावर ओळखपाळख चालेना, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर पान ४२ सुद्धा गेलं.

म्हणून त्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर असं. आकडे सेमच आहेत. नियम चालवतं कोण, तिथे फरक पडतो. कोडमधला नियम स्वतःच घडतो, तुम्हाला विचारत नाही. टेबलावरचा नियम म्हणजे चार माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द असतो. तो पाळावा लागतो, आणि अडला तर बोलून बदलता येतो. दोन्हींचे फायदे आहेत, दोन्हींचे धोके आहेत. आपण कुठल्या नियमासमोर उभे आहोत, एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ. कारण टेबलावर बसूनही 'पर्याय दिसत नाही, म्हणजे नसेलच' असं मानणारे खूप असतात.

करून बघायचंय? खर्च फारसा नाही. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झालेत, वाचायला पैसे लागत नाहीत. वीस बाजूंचा फासा नसेल तर मोबाइलवर एक ते वीस आकडा काढता येतो. कागद, पेन्सिल, तीन-चार मित्र आणि दोन तास काढा. एकाने गेम मास्टर व्हा. पहिल्यांदा चुका होतील, नियम विसरायला होईल, काही बिघडत नाही.

सुरुवात कुठून करायची? एका दारापासून करा. आणि कुणी विचारलं, 'लाथ मारता येते का?' तर नाही म्हणू नका. फासा पुढे करा.